सतराव्या तासाची नोंद कुणाची?

नागपूरच्या एखाद्या आयव्हीएफ केंद्रातून फोन येतो, ‘आठ अंडी मिळाली होती, पाच फलित झाली.’ समजा हा फोन लामत्यात घेतला गेला. ऐकणाऱ्या जोडप्याच्या कानात ‘पाच’ राहते. उरलेल्या तिनांचे काय झाले हे ते विचारत नाहीत आणि केंद्रही बहुधा आपणहून सांगत नाही. एखादे अंडे कच्चे असेल, एखाद्यात शुक्राणू शिरलाच नसेल. पण एखादे असेही असते की ते फलित झाले, मात्र जसे व्हायला हवे तसे झाले नाही. या लेखाचा प्रश्न त्या एका अंड्याविषयी आहे. ते टाकून द्यायचे की ठेवायचे, आणि हे ठरवताना ज्यांचे ते अंडे आहे त्यांना विचारायचे की नाही?

लामता बालाघाट जिल्ह्यात, गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आहे. 1956 पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या, आजारपणाची वाट मात्र बदलली नाही. जिल्हा मध्य प्रदेशात आणि मोठा दवाखाना महाराष्ट्रात, अशी इथल्या पोवारी, मराठी, गोंडी, हिंदी बोलणाऱ्या घरांची जुनीच व्यवस्था आहे. मूल होत नाही म्हणून जे नागपूर गाठतात त्यांच्या खर्चात औषधे असतात, तसेच बुडालेली मजुरी, गाडीभाडे, नातेवाइकांकडचा मुक्काम आणि घरी सांगायची कारणेही असतात. म्हणून एका अंड्याचा हिशेब त्यांच्यासाठी क्षुल्लक नाही.

आधी सामान्य फलन कसे होते ते पाहू, कारण त्याशिवाय असामान्य काय ते कळत नाही. अंडाशयातून बाहेर पडलेले स्त्रीबीज विभाजनाच्या मध्येच थांबलेले असते. शुक्राणू आत शिरला की बीजाच्या आत कॅल्शियमच्या लाटा उठतात, अडलेले विभाजन पुरे होते आणि बीज आपल्या गुणसूत्रांचा जादा वाटा एका चिमुकल्या पेशीतून बाहेर टाकते. तिला पोलर बॉडी म्हणतात. आत आईची 23 गुणसूत्रे उरतात, शुक्राणूने बापाची 23 आणलेली असतात. दोन्ही संचांभोवती पातळ पडदा तयार होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी दोन वर्तुळे, म्हणजे दोन केंद्रके, दिसतात. प्रयोगशाळेतले लोक त्याला ‘टू पीएन’ म्हणतात. शाळेच्या पुस्तकात ही केंद्रके एकमेकांत विलीन होतात असे शिकवले जाते. माणसाच्या बाबतीत तसे होत नाही. पडदे विरघळतात आणि गुणसूत्रे थेट पहिल्या विभाजनाच्या तयारीला लागतात.

या पडदे असण्याच्या आणि विरघळण्याच्या मधल्या वेळेतच पाहावे लागते. जगभरच्या भ्रूणतज्ज्ञांनी 2011 मध्ये इस्तंबूल सहमतीत ती वेळ ठरवली : शुक्राणू सोडल्यापासून 17 तास, एक तास पुढेमागे. उशीर झाला तर वर्तुळे गेलेली असतात आणि दोन पेशींचे एक नीटस भ्रूण दिसते. ते दोन केंद्रकांतून आले की तिनांतून, हे मग सांगता येत नाही. पहाटे कोण उठून पाहते, पाहून काय लिहिते, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. सतत छायाचित्रे घेणारे इनक्युबेटर आता मिळतात, पण ते महाग असल्याने सगळीकडे नसतात.

असामान्यपणाचे प्रकार मोजकेच आहेत. एकही वर्तुळ दिसत नाही, एकच दिसते किंवा तीन दिसतात. क्वचित त्याहून अधिक.

तीन दिसण्याची कारणे दोन, आणि ती नीट वेगळी करून सांगायला हवीत. शरीरात गर्भनलिकेपर्यंत पोहोचणारे शुक्राणू फार तर काहीशे असतात. साध्या आयव्हीएफच्या तबकडीत एका अंड्याभोवती हजारो सोडले जातात. पहिला शुक्राणू आत शिरताच अंड्याच्या पृष्ठभागाखालच्या कणिका फुटतात आणि बाहेरचे कवच इतरांसाठी बंद होते. अंडे कच्चे किंवा फार जुने झालेले असेल तर ही बंदोबस्ताची क्रिया मंदावते आणि दुसरा शुक्राणूही घुसतो. गोम अशी की माणसात गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारी यंत्रणा, म्हणजे सेंट्रिओल, शुक्राणूबरोबर येते. दोन शुक्राणू आले की दोन संच आले, पेशी दोनाऐवजी तिनांत फाटते आणि गुणसूत्रांची वाटणी कोलमडते. एकच शुक्राणू सुईने आत सोडण्याच्या इक्सी पद्धतीत हे होऊ शकत नाही. तिथे तिसरे वर्तुळ अंड्याचेच असते, जी पोलर बॉडी बाहेर पडायला हवी होती ती आतच राहिलेली असते.

यात कुणाचा दोष? बाईचाही नाही, बुवाचाही नाही. हे मुद्दाम लिहावे लागते, कारण ‘असामान्य’ हा शब्द फाईलवर दिसला की सासरी त्याचा अर्थ एकच लावला जातो. एखाद्या केंद्रात तीन केंद्रकांची अंडी वारंवार दिसू लागली तर संशय आधी अंडी काढण्याच्या वेळेवर, शुक्राणूंच्या संख्येवर आणि प्रयोगशाळेच्या पद्धतीवर घ्यायला हवा. 2017 च्या व्हिएन्ना सहमतीने यासाठी मोजमापे दिली आहेत. साध्या आयव्हीएफमध्ये अनेक शुक्राणू शिरलेली अंडी 6 टक्क्यांपेक्षा कमी असावीत, एकच केंद्रक दिसणारी 5 टक्क्यांपेक्षा कमी, इक्सीमध्ये 3 टक्क्यांपेक्षा कमी. म्हणजे असामान्य फलनाची नोंद जोडप्याइतकीच प्रयोगशाळेविषयीही बोलते. ती न सांगण्यामागे हेही एक कारण असू शकते, असे म्हणणे अन्यायाचे ठरू नये.

तीन केंद्रकांच्या बीजाबद्दल निर्णय करायला फार वेळ नको. 69 गुणसूत्रांचा गर्भ जवळजवळ नेहमी गळून पडतो, आणि त्याचे रूपांतर द्राक्षगर्भात, म्हणजे बाळाऐवजी वारेच्या पेशीच फुगत जाणाऱ्या गर्भात, होण्याचा धोका असतो. जादा केंद्रक सूक्ष्म सुईने ओढून काढून जन्मलेल्या सुदृढ बाळाची नोंद 2003 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. पण दोन शुक्राणूंच्या अंड्यात जादा केंद्रक काढले तरी जादा सेंट्रिओल उरते. एका नोंदीवर कुणाच्या गर्भाशयाचा जुगार खेळू नये. असे बीज गर्भाशयात सोडू नये, आणि यावर बहुतेक सगळ्यांचे एकमत आहे.

खरी अडचण एका केंद्रकाची.

एकच वर्तुळ दिसले म्हणजे काय? अंडे शुक्राणूशिवायच जागे झाले असेल, म्हणजे बापाचा वाटाच नाही. दोन्ही वाटे एकाच पडद्यात गुंडाळले गेले असतील, म्हणजे बीज पूर्णपणे ठीक आहे. एक केंद्रक लवकर दिसून विरघळले आणि दुसरे उशिरा दिसले, असेही असेल. तेही ठीकच. किंवा वाईट शक्यता, की फक्त बापाचाच वाटा आत आहे. साध्या आयव्हीएफमधल्या एका केंद्रकाच्या बीजांत दोन्ही वाटे असण्याचे प्रमाण चांगले असते. इक्सीमध्ये ते कमी असते, तिथे अंडे एकट्याने जागे झाल्याची शक्यता अधिक. यातली जी बीजे पाचव्या दिवशीच्या अवस्थेपर्यंत पोहोचतात ती कमी असतात. पण त्यांतून निरोगी बाळे जन्मल्याच्या नोंदी जगभर आहेत.

टाकून द्यावे म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. डॉक्टरची पहिली जबाबदारी अपाय न करण्याची आहे. केवळ पित्याच्या गुणसूत्रांचे बीज गर्भाशयात गेले तर महिनोन्‌महिने रक्ताच्या तपासण्या आणि वेळप्रसंगी कर्करोगाची औषधे अशी पाळी येऊ शकते. हाताशी चांगली टू पीएन भ्रूणे असताना संशयिताला हात का लावावा? शिवाय आशा विकणे या व्यवसायात अवघड नाही. ‘आणखी एक आहे, तपासून घेऊ’ या वाक्यावर बिल वाढवता येते. लामत्याच्या जोडप्याला ते वाक्य नाकारण्याचे बळ असेलच असे नाही.

ठेवावे म्हणणाऱ्यांचाही मुद्दा तितकाच खरा आहे. प्रत्येकाकडे पाच चांगली भ्रूणे नसतात. तिसरी खेप, चाळिशीकडे झुकलेली बाई, मिळालेली अंडी तीन, त्यातले फलित एक आणि तेही एका केंद्रकाचे, अशा वेळी नियम म्हणून ते मोरीत सोडून देणे म्हणजे कदाचित शेवटची संधी विचारल्याशिवाय काढून घेणे. आणखी एका खेपेचे पैसे आहेत की नाहीत याचा विचार नियम करत नाही. आयुष्मान भारतच्या कार्डावर वंध्यत्वाचे उपचार होत नाहीत. गोवा मेडिकल कॉलेजात 2023 पासून आयव्हीएफ मोफत मिळते, पण तो मराठी मुलुखाचा दुसरा कोपरा झाला.

मग तपासून पाहा, असा सोपा उपाय सुचतो. तोही वाटतो तितका सोपा नाही. भ्रूणाच्या पेशी काढून गुणसूत्रे मोजण्याची नेहमीची पद्धत एका गुणसूत्राची बेरीज-वजाबाकी पकडते, पण अख्खा संच जास्त किंवा कमी असला तर ती चुकू शकते, कारण ती प्रमाण पाहते, एकूण संख्या नाही. 69 चे किंवा 23 चे बीजही तिच्या नजरेला कधीकधी ‘नॉर्मल’ दिसते. आई आणि बाप दोघांचाही वाटा आहे का, हे सांगणारी वेगळी तपासणी लागते. हा फरक न सांगता नुसती ‘टेस्ट करून घेऊ’ म्हणणे अर्धसत्य आहे. कायद्याचीही मर्यादा आहे. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा, 2021 भ्रूणाची जनुकीय तपासणी केवळ माहीत असलेल्या, आनुवंशिक किंवा जनुकीय आजारांसाठीच करू देतो. त्यात एका केंद्रकाच्या शंकेचे काय, हे स्पष्ट करणारी सूचना सरकारने काढायला हवी. गर्भलिंग निदानाचा 1994 चा कायदाही इथे लागू होतो, आणि तो लागू राहिलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट दोन्ही बाजूंनी मान्य करावी. सतराव्या तासाची दोन वर्तुळे म्हणजे हमी नव्हे. दोन केंद्रकांच्या भ्रूणांतही गुणसूत्रांचे दोष भरपूर असतात आणि आईच्या वयाबरोबर ते वाढतात. एनएलआरपी7 नावाच्या जनुकात बिघाड असलेल्या काही स्त्रियांच्या बाबतीत तर फलन वरून अगदी सामान्य, आई-बाप दोघांचेही वाटे बरोबर, तरी गर्भधारणा पुन्हा पुन्हा द्राक्षगर्भाचीच होते. या बिघाडाचा शोध 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा बाईला स्वतःच्या अंड्यांनी कितीही खेपा करायला लावणे निर्दयीपणाचे आहे, आणि तिचा पूर्वेतिहास न विचारता केलेली खेप त्याहून.

द्राक्षगर्भाचा विषय निघाला आहे तर तो नीट मांडू, कारण असामान्य फलनाचा हा चेहरा आयव्हीएफ केंद्रात नव्हे, तालुक्याच्या दवाखान्यात दिसतो. पूर्ण द्राक्षगर्भात बहुधा आईचा वाटा हरवलेल्या अंड्यात एक शुक्राणू शिरतो आणि आपली गुणसूत्रे दुप्पट करतो. ही गोष्ट 1977 मध्ये जपानमध्ये काजी आणि ओहामा यांनी दाखवली. अपूर्ण द्राक्षगर्भात बहुधा चांगल्या अंड्यात दोन शुक्राणू शिरलेले असतात. बाळाऐवजी वारेच्या पेशी द्राक्षाच्या घडासारख्या फुगतात, उलट्या फार होतात, पोट दिवसांच्या मानाने मोठे वाटते, रक्तस्राव होतो. गर्भाशय रिकामे केल्यानंतरही काम संपत नाही. पूर्ण द्राक्षगर्भाच्या साधारण 15 ते 20 टक्के बायकांत रोग टिकून राहतो, म्हणून रक्तातले एचसीजी हे संप्रेरक आठवड्याच्या आठवड्याला मोजत शून्यावर आणावे लागते, आणि तोवर दिवस राहू द्यायचे नसतात. त्यातून उद्भवणारा कोरिओकार्सिनोमा हा कर्करोग मेथोट्रेक्सेटने बरा होतो, हे 1956 पासून माहीत आहे. मिन च्यू ली आणि रॉय हर्ट्झ यांनी ते दाखवले. इतका बरा होणारा रोग जिथे जीव घेतो तिथे कारण औषधाचा अभाव नसतो. कारण असते पुन्हा तपासायला न आलेली बाई.

ती का येत नाही? कारण तिला सांगितलेले असते की ‘गर्भ नव्हता, साफ केले’. ‘साफ केले’ म्हटल्यावर पुन्हा गोंदियाला किंवा बालाघाटला दर आठवड्याला कशाला जायचे? इथे माहिती न देण्याची किंमत आयव्हीएफच्या फोनवरच्या ‘पाच’पेक्षा कितीतरी मोठी आहे. सवय मात्र तीच : निकाल सांगायचा, कारण गिळायचे.

माहिती द्यायची म्हटले की डॉक्टर एक आक्षेप घेतात आणि तो खोटा नाही. तिसरे केंद्रक, हरवलेला वाटा, पोलर बॉडी हे सगळे सांगितले तर लोक घाबरतात, वाईट अर्थ लावतात, बाईला टोचून बोलतात. खरे आहे. पण न सांगितल्यावर ती टोचणी थांबते का? उलट, कारण नसले की घर स्वतःचे कारण तयार करते, आणि ते नेहमी एकाच व्यक्तीच्या अंगाला चिकटते. दोन शुक्राणू शिरले, यात कुणाचा हात नव्हता, हे डॉक्टरने दोघांना समोर बसवून मराठीत किंवा त्यांच्या बोलीत सांगितले तर बाईची निदान एका संशयातून सुटका होते. सांगण्याची रीत शिकावी लागेल, हे मान्य. न सांगण्याला तेवढे कारण पुरेसे नाही.

टाकून दिलेल्या बीजांना दुसरेही आयुष्य असते, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. 2010 मध्ये ब्रिटनच्या न्यूकॅसलमधल्या शास्त्रज्ञांनी मायटोकॉन्ड्रियाच्या रोगांवरचे सुरुवातीचे प्रयोग असामान्य फलित बीजांवर केले. 2015 मध्ये चीनमधल्या ग्वांगझू येथील सुन यात-सेन विद्यापीठात जुंजिउ हुआंग यांच्या गटाने तीन केंद्रकांच्या 86 बीजांवर क्रिस्पर हे जनुक कापण्याचे तंत्र वापरून एचबीबी जनुक दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला. दुरुस्ती थोड्याच बीजांत झाली, नको तिथेही काटछाट झाली, आणि जगभर वाद उठला. थॅलेसेमियासाठी निवडलेले एचबीबी हेच जनुक सिकलसेलचे आहे. बालाघाट, गोंदिया, गडचिरोलीच्या गोंड आणि इतर वस्त्यांना सिकलसेल काय असते हे सांगावे लागत नाही. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून सुरू झाले.

म्हणजे लामत्याच्या जोडप्याने ‘टाकून द्या’ म्हटलेले एखादे बीज उद्या त्यांच्याच पट्ट्यातल्या आजाराच्या अभ्यासाला लागू शकते. ते अयोग्य आहे असे आमचे म्हणणे नाही. भारतात जनुक बदललेले भ्रूण गर्भाशयात सोडायला मनाई आहे, संशोधनासाठी भ्रूण परदेशी पाठवायलाही मनाई आहे, आणि भ्रूण प्रयोगशाळेत वाढवण्याला चौदा दिवसांची मर्यादा आहे. या चौकटीत संशोधन होत असेल तर व्हावे. पण टाकून द्या म्हणणे आणि संशोधनाला द्या म्हणणे ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि दोन वेगळ्या सह्या हव्यात. अंगठा उठवायचा तर त्याआधी वाचून दाखवायला हवे.

नोंदीला आपल्याकडे कमी लेखण्याची परंपराच आहे. 3 ऑक्टोबर 1978 रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून देशातली पहिली टेस्टट्यूब मुलगी जन्मली. सरकारी समितीने त्यांचे म्हणणे उडवून लावले आणि 1981 मध्ये त्यांनी आयुष्य संपवले. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेच्या डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी जे यश मिळवले ते शास्त्रीय नोंदींसह आले, म्हणून त्याला पहिलेपण मिळाले. पुढे आनंद कुमार यांनीच मुखोपाध्यायांच्या वह्या वाचल्या आणि 1997 मध्ये जाहीरपणे सांगितले की पहिले ते होते. मुखोपाध्यायांना न्याय मिळाला तो त्यांच्या हस्तलिखित टिपणांमुळे.

2021 च्या कायद्याने केंद्रांवर आधीच बंधन घातले आहे की जोडप्याला उपचाराचे यश, धोके, खर्च आणि परिणाम यांविषयी समुपदेशन द्यावे आणि लेखी संमतीशिवाय काही करू नये. केंद्रांना राष्ट्रीय नोंदवहीत माहितीही भरावी लागते. मग फलनाचा तक्ता जोडप्याच्या फाईलमध्ये का नसावा? एकूण अंडी किती, पिकलेली किती, शून्य, एक, दोन आणि तीन केंद्रकांची किती, पाहिले किती वाजता. एका पानाचे काम आहे. मध्य प्रदेशातले जोडपे महाराष्ट्रातल्या केंद्राबद्दल तक्रार करायला निघाले तर त्यांच्या हातात निदान एक कागद असेल. दुसऱ्या खेपेला दुसरे केंद्र गाठले तर तिथल्या डॉक्टरला अंदाज येईल, की साध्या आयव्हीएफऐवजी इक्सी करावी का, किंवा अंडी काढण्याची वेळ बदलावी का.

आमचा कौल असा : तीन केंद्रकांचे बीज गर्भाशयात सोडू नये, कुणी कितीही आग्रह केला तरी. एका केंद्रकाचे बीज चांगली भ्रूणे असतील तर बाजूला ठेवावे. नसतील तर पाचव्या दिवसापर्यंत वाढवावे, दोन्ही वाटे तपासणारी चाचणी कुठे होते, तिला कायद्याची परवानगी आहे का आणि तिचा खर्च किती हे सांगावे, आणि निर्णय जोडप्याच्या हातात द्यावा. ते नको म्हणाले तर त्याचीही नोंद करावी. द्राक्षगर्भ झालेल्या बाईच्या हातात एचसीजीच्या तारखांचे कार्ड दिल्याशिवाय तिला घरी पाठवू नये.

लामत्याहून, बैहरहून किंवा भंडाऱ्याहून उपचारासाठी नागपूरला येणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की पुढच्या वेळी फोनवर ‘पाच फलित झाली’ असे ऐकले, तर उरलेल्यांची केंद्रके किती होती ते विचारा, आणि ते कागदावर लिहून मागा.